छडी, चापट आणि मोजमाप

मुलांनी मारामारी करू नये, मुलींची छेड काढू नये, यावर आपल्याकडे भाषणं उदंड झाली. नेमक्या कशाने फरक पडतो हे मोजून पाहणं मात्र गेल्या वीसेक वर्षांतलं, आणि तेही एचआयव्ही प्रतिबंधाच्या वाटेने आलेलं. ब्राझीलमध्ये तरुणांसाठी बेतलेला अभ्यासक्रम मुंबईच्या वस्त्यांत ‘यारी-दोस्ती’ होऊन आला. पॉप्युलेशन कौन्सिल आणि ‘कोरो’ या संस्थांनी पोरांना बोलतं केलं. जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणारे पुढे कमी झाले. हात थांबला, की कसं उत्तर द्यायचं ते कळलं? ही शंका नंतरच्या प्रत्येक अभ्यासाला चिकटून राहिली.

२००८ पासून लक्ष आणखी लहान मुलांकडे वळलं. शाळेत लिंगसमभाव रुजवू पाहणाऱ्या ‘जेम्स’ या प्रकल्पात मुंबई महापालिकेच्या ४५ शाळा होत्या, सहावी-सातवीची मुलं-मुली. १५ शाळांत वर्गातल्या चर्चा आणि शाळाभर मोहीम, १५ शाळांत नुसती मोहीम, उरलेल्या १५ तुलनेसाठी. वर्गात बोलणं झालं तिथे मतं सर्वाधिक बदलली. मारहाणीचं चित्र तितकं सरळ निघालं नाही. त्यात मोजमापाचीही गोम आहे: काल जी नुसती चापट होती तिला मूल आज हिंसा म्हणू लागलं, तर आकडा चढणारच. शिवाय छडी मास्तरांच्याही हातात असते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने तिला बंदी आहे, पण कलम वाचून हात आवरतोच असं नाही.

त्याच काळात ‘परिवर्तन’ या उपक्रमाने मुंबईतल्या क्रिकेट प्रशिक्षकांना हाताशी धरलं, पुढे गोवंडीच्या शिवाजीनगरात मुलींसाठी कबड्डी निवडली. मला हा डाव सगळ्यात मराठी वाटतो.

सर्वात बोलका निकाल मात्र बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. गोव्याच्या ‘संगाथ’ने तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा कार्यक्रम दोन प्रकारे राबवला. काही शाळांत त्यासाठी वेगळा समुपदेशक नेमला, तोही साधाच, मानसोपचाराची पदवी नसलेला; काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकाकडे दिलं. पहिल्या गटात दादागिरी आणि मारामारी घटली. दुसऱ्यात काहीच हललं नाही. सुरुवातीपासून १७ महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा पहिल्या गटातला फरक आणखी वाढलेला होता.

यवतमाळकराने या निकालापाशी थांबावं. ‘जेम्स’मधला काही भाग पुढे राज्याच्या शालेय लिंगसमभाव प्रशिक्षणात गेला, म्हणजे पुन्हा शिक्षकाकडेच. मारेगाव-झरीजामणीकडचा गुरुजी पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयादी आणि ऑनलाइन माहिती यांतून मोकळा होईल तेव्हा चर्चेला बसणार.

शिवाय या अभ्यासांतली मुलं संध्याकाळी घरी जाणारी होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि पुसद या दोन आदिवासी प्रकल्प कार्यालयांखालच्या आश्रमशाळांत मुलं राहतातच शाळेत. तिथे मोठ्याने लहान्याला दमात घ्यायला तासिका संपल्यानंतरची अख्खी रात्र असते, आणि त्या वेळी हजर असतो तो अधीक्षक. समुपदेशक नेमायचाच झाला, तर त्याच्या कामाची वेळ संध्याकाळी पाचनंतर सुरू व्हायला हवी.