सॉगसची भट्टी, नाहांटचा दगड

उन्हाळ्यात बॉस्टनला मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी मंडळींनी एक दिवस सॉगससाठी राखून ठेवावा. शहरापासून जवळच, सॉगस नदीच्या काठी, सतराव्या शतकातला लोखंडाचा कारखाना पुन्हा उभा केलेला आहे. धाकट्या जॉन विन्थ्रॉपने इंग्लंडमधून भांडवल जमवले आणि १६४६ च्या सुमाराला इथली भट्टी पेटली. तेव्हा या जागेचे नाव हॅमरस्मिथ होते.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर आपल्याला टेकाडाच्या माथ्यावरून खाली नेतात. मालही याच वाटेने उतरत असे. दलदलीतून खणलेले खनिज आणि लाकडी कोळसा भट्टीच्या तोंडातून वरून ओतत. पाणचक्कीवर चालणारे प्रचंड भाते खालून वारा घालत. वितळलेले बीड वाळूतल्या चरांत वाहत येई. पण बीड ठिसूळ. म्हणून ते शेजारच्या लोहारशाळेत पुन्हा तापवून घणाखाली घडवत. सुमारे सव्वादोनशे किलोचे घणाचे मुंडके संग्रहालयात आहे, ते जरूर पाहा. शेवटच्या गिरणीत पट्ट्या चिरून खिळ्यांसाठी सळ्या निघत. लाकडी घरे बांधत सुटलेल्या वसाहतीला खिळ्यांची भूक मोठी होती.

इथे राबणाऱ्यांत स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत (१६५०) इंग्लंडच्या क्रॉमवेलने पकडलेले स्कॉटिश सैनिकही होते. हरलेल्या लढाईची शिक्षा म्हणून त्यांना समुद्रापार पाठवून इथे मजुरीला जुंपले. माहिती ऐकताना ही माणसे विसरू नयेत. इतक्या कष्टांनंतरही कारखाना कर्जात बुडाला आणि १६७० च्या आसपास थंडावला.

पुढे सारे मातीखाली गेले. पुरातत्त्व संशोधक रोलंड रॉबिन्स यांनी १९४८ पासून उत्खनन केले आणि १९५४ मध्ये पुनर्बांधणी लोकांसाठी खुली झाली. म्हणजे आज दिसणारी भट्टी आणि फिरणारी चाके नवी आहेत. नदीकाठचा मळीचा ढीग मात्र अस्सल, त्याच भट्टीतून निघालेला. मला सर्वांत खरी जागा तीच वाटते.

धातूपासून ही मळी वेगळी व्हावी म्हणून भट्टीत एक दगड घालावा लागे. चुनखडी जवळपास नव्हती, तेव्हा समुद्रकाठच्या नाहांट गावचा गॅब्रो नावाचा काळा खडक वापरला. म्हणून दुपारी नाहांटला जायलाच हवे. लिन शहराकडून तिथे जाणारा रस्ता वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जातो, दोन्ही बाजूंना समुद्र. मॅसॅच्युसेट्समधले क्षेत्रफळाने सर्वांत लहान असे हे गाव एकेकाळी बॉस्टनच्या श्रीमंतांचे उन्हाळी ठिकाण होते. कवी लाँगफेलोही इथे येत. ईस्ट पॉइंटच्या काळ्याभोर कड्यांवर अटलांटिक आदळत असतो. हे कडे त्याच गॅब्रोचे. भरतीचे पाणी सॉगसच्या धक्क्यापर्यंत चढत असल्यामुळे दगड आणणे आणि तयार लोखंड बॉस्टनला धाडणे, दोन्ही होड्यांनी साधत असे.

सॉगसला प्रवेशशुल्क नाही, पण इमारती ठरावीक हंगामातच उघडतात; वेळापत्रक पाहूनच निघावे. नाहांटच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी उतरावे, पायांत घट्ट बूट असावेत.