आज्ञार्थ आणि विध्यर्थ : विद्यापीठातील संगणकव्यवस्थेचा एक भाषिक प्रश्न

एकाच प्रयोगशाळेतील दोन लिनक्स संगणकांवर एकच मराठी शब्दसूची वर्णानुक्रमे लावली असता दोन निरनिराळे क्रम हाती येऊ शकतात. एका संगणकाचे लोकेल, म्हणजे भाषाविषयक संकेतांची निवड, मराठी असेल, तर ‘ळ’ हा वर्ण परंपरेप्रमाणे ‘ह’च्या पुढे जातो व ‘मवाळ’नंतर ‘मळा’ येतो. दुसऱ्यावर ‘सी’ हे मूळ लोकेल असेल, तर युनिकोडच्या क्रमांकानुसार ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो व ‘मळा’ आधी येतो. अशा दोन सूची परस्परांशी जोडू गेल्यास काही शब्द जुळतच नाहीत आणि त्यांवर आधारलेली गणना बिघडते. संशोधकाची यात काही चूक नसते. भेद असतो तो कॉन्फिगरेशनच्या फाइलमधील एका ओळीचा.

नवे असताना सारखे असलेले पन्नास संगणक वर्षभरात सारखे राहत नाहीत. कोणी घाईत एकावर दुरुस्ती करतो, एखादा संगणक नेमका त्या दिवशी बंद असतो. पूर्वीचा उपाय म्हणजे सर्वांना एकदम आज्ञा देणे. परंतु आज्ञेला पूर्वस्थितीचे भान नसते. ‘या फाइलच्या शेवटी ही ओळ जोड’ ही आज्ञा दोनदा दिली की ओळ दोनदा जोडली जाते. बंद यंत्राला तर ती ऐकूच जात नाही.

मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात असताना सीएफइंजिन ही प्रणाली रचली. बर्जेस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठातही एलसीएफजी ही प्रणाली आकार घेत होती. पुढे २००५ साली पपेट व २०१२ साली अन्सिबल आली. या परंपरेतील मुख्य पालट मराठी व्याकरणाच्या परिभाषेत नेमका सांगता येतो : येथे आज्ञार्थाची जागा विध्यर्थाने घेतली. ‘ओळ जोड’ असे न म्हणता ‘फाइलमध्ये ही ओळ असावी’ असे लिहिले जाते. यंत्र प्रथम स्वतःची स्थिती तपासते. ओळ असल्यास काहीच करीत नाही, नसल्यास घालते. तेच विधान शंभर वेळा लागू केले तरी फल एकच. (अन्सिबल पायरीपायरीने चालते हे खरे, पण तेथेही पायरी शक्यतो स्थितीच्याच भाषेत लिहावी असा संकेत आहे.) सीएफइंजिन सामान्यतः दर ५ मिनिटांनी व पपेट दर ३० मिनिटांनी ही तपासणी करते, त्यामुळे काल बंद असलेला संगणक आज सुरू होताच इतरांच्या पंक्तीस येऊन बसतो.

तथापि विध्यर्थाचा एक सापळा आहे व तो अनुभवी व्यवस्थापकांनाही चकवितो. विधान पुसणे म्हणजे निषेध करणे नव्हे. समजा, एखादा संशोधक विद्यापीठ सोडून गेला आणि ‘याचे खाते असावे’ हे वाक्य वर्णनातून काढून टाकले. सामान्य माणूस समजेल की खाते गेले. प्रत्यक्षात वर्णन आता त्या खात्याविषयी मौन पाळते, आणि ज्याविषयी वर्णन मौन आहे त्याला प्रणाली बहुधा हात लावीत नाही. खाते पन्नासही संगणकांवर तसेच उघडे राहते, त्याच्या किल्ल्याही चालू राहतात. ते जावयाचे असेल तर ‘असावे’च्या जागी ‘नसावे’ असे स्पष्ट लिहावे लागते, आणि जो संगणक महिनोन्‌महिने कपाटात बंद पडून आहे त्याने ते वाक्य वाचीपर्यंत ते पुसताही येत नाही.