अडतीस शब्दांची बोली

आमच्या तिगावच्या पुढे रेल्वेला घाट लागतो. पांढुर्ण्याकडून आलेली जड मालगाडी चिचोंड्याच्या चढाला लागली, की एकट्या इंजिनाचा दम पुरत नाही. मागून दुसरं इंजिन जोर लावतं. त्याला बँकर म्हणतात. ब्रिजमधला भिडू म्हणजे काय, हे मला एका निवृत्त गार्डसाहेबांनी या बँकरवरून समजावलं होतं. ‘‘पुढच्या डायवरले मागचा दिसत नाही. तो जोर लावून राहिला का थांबला, हे शिटीवरूनच समजून घ्या लागते. आन् शिटीच्या बाहेरचं काही बोलता येत नाही.’’

ब्रिजच्या बोलीचं मर्म एवढ्यात आलं. मला ते पचायला पुढची चाळीस वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

आमचा नागपूर-इटारसी लोहमार्ग जोडला गेला १९२३-२४ मध्ये. काँट्रॅक्ट ब्रिज त्याचाच पाठचा भाऊ. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी ‘फिनलंड’ नावाची बोट पनामा कालव्याच्या तोंडाशी उशिरा पोहोचली आणि रात्रभर तिथेच अडकली. बोटीवर हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाचा धनाढ्य अमेरिकन होता. त्याने वेळ घालवायला म्हणून सोबत्यांना गुणांची एक नवी पद्धत खेळायला लावली. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये तुम्ही कमी बोलून जास्त हात केले, तरी ते सगळे तुमच्या डावात जमा होत. व्हँडरबिल्टने सांगितलं, जेवढं बोललात तेवढंच डावाच्या हिशेबात धरायचं. दहा हात सहज होत असताना तुम्ही आठावर थांबलात, तर वरचे दोन हात जवळपास वाया. या एका बदलाने पत्त्यांच्या खेळात भाकीत आलं. आधी किती होतील ते सांगा, मग करून दाखवा.

आमच्याकडे मात्र ओट्यावर चालायचा तो मेंढीकोट. चौघं, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं. इथपर्यंत सगळं ब्रिजसारखंच. पण मेंढीकोटात बोलायचं काही नसतं. कुणाकडे उतारीचा रंग नसला, की तो जे पान टाकेल त्याचाच रंग हुकूम. चार दश्श्यांपैकी तीन ओढल्या की डाव जिंकला, चारही ओढल्या की कोट. संत्र्याची तोड संपलेली असायची, उन्ह रणरणत असायचं, आणि दुपारचे चार-पाच तास त्यात सहज जायचे. या खेळाने आम्हाला पानं लक्षात ठेवायला शिकवलं. किलवरचा राजा पडला का, बदामाची किती पानं गेली, कुणाचा चौकट संपला, हे मोजणं आमच्या बोटांत मुरलं. ब्रिजमधला अर्धा खेळ मेंढीकोट खेळणाऱ्याला फुकट मिळतो, असं माझं ठाम मत आहे.

उरलेला अर्धा मात्र त्याला कायम नडतो. मेंढीकोटात भिडूशी बोलायचं ते खुणांनी. कान खाजवला की इस्पिक, छातीवर हात ठेवला की बदाम, खोकला म्हणजे एक्का आहे. समोरच्यांनी पकडलं तर थोडा आरडाओरडा व्हायचा, एवढंच. त्यात कुणाला पाप वाटायचं नाही. उलट खुणा ओळखणं हीच हुशारी.

ब्रिजमध्ये बोलायला अडतीस शब्द मिळतात. एक किलवरपासून सात नो ट्रंपपर्यंत पस्तीस बोल्या, आणि पास, डबल, रीडबल. भिडूला जे काही सांगायचं ते एवढ्यातच सांगायचं, आणि तेही समोरच्या दोघांना समजेल अशा ठरलेल्या अर्थाने. लपवलेला करार चालत नाही. ‘दोन किलवर’ म्हणजे खरोखर किलवर नाही, तर भिडूला चार पानी बदाम किंवा इस्पिक आहे का एवढं विचारलंय, असं तुमच्यात ठरलं असेल तर विरोधकाने विचारताच ते सांगावं लागतं. गार्डसाहेबांची शिटी तीच. मालगाडीच्या शिट्यांचेही अर्थ सगळ्या लाइनला ठाऊक असतात.

मी ब्रिज शिकलो नागपूरला, सत्तरच्या दशकात, वसतिगृहाच्या गच्चीवर. आमच्या तालुक्यातून कॉलेजला जायचं ते नागपूरलाच. जिल्हा तेव्हा छिंदवाडा असला तरी ओढ तिकडची. १ नोव्हेंबर १९५६ ला पूर्वीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडची पानं नव्याने वाटली गेली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर हा मराठी पट्टा मध्य प्रदेशच्या हाती राहिला. घरी मराठी, कचेरीत हिंदी. त्यामुळे बोलणं एक आणि समजणं दुसरं, याची सवय आम्हाला लहानपणापासूनच होती.

घरी पत्त्यांना मान नव्हता. पोळ्याच्या दिवसांत, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार असते तेव्हा, गावोगाव पत्त्यांना ऊत येतो आणि त्यातले बरेचसे पैशांवर खेळले जातात. तीन पत्तीने घालवलेलं घर आणि ब्रिजने घालवलेली दुपार यांत फरक आहे, हे आईला पटवणं मला कधी जमलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो फरक १९६७ साली केला. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण होतं. न्यायालयाने म्हटलं, तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ, रमी तशी नाही. रमीत नशीब येतं ते ब्रिजच्या वाटपात येतं तेवढंच. म्हणजे ब्रिज कौशल्याचा आहे, हे न्यायालयाने सिद्ध करायच्याही भानगडीत न पडता गृहीत धरलं. निकाल लिहिणारे न्या. हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, आणि ५६ नंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे. आमच्याच पट्ट्याच्या माणसाने आमच्या खेळाला अब्रू दिली, हे मी आईला सांगितलं. तिने विचारलं, त्यानं तुझी परीक्षा होईल का पास?

आमच्या राज्यात ब्रिजचं खरं गाव आहे ते निमाडात. खरगोन जिल्ह्यातलं रायबिदपुरा. साठच्या दशकात तिथे झिया खान नावाचे सरकारी पशुवैद्यक बदलून आले. संध्याकाळ घालवायला चौघं हवेत, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना ब्रिज शिकवला. डॉक्टर गेले, खेळ राहिला. बापाने मुलाला शिकवला, मुलाने नातवाला. कापूस-मिरचीची शेतं सांभाळून ही माणसं मोठ्या शहरांतल्या स्पर्धांना जातात आणि क्लबातल्या साहेबलोकांना घाम फोडतात. बदलीच्या नोकरीतल्या एका माणसाने एका गावाला अख्खा खेळ दिला. आमच्याकडेही रेल्वेतले, पोस्टातले, बँकेतले कितीतरी येऊन गेले. चौघं एकाच वेळी टिकले नाहीत, म्हणून तिगावचं रायबिदपुरा झालं नाही.

या शंभर वर्षांत बोली केवढी फुगली! आम्ही शिकलो ती गोरेन यांची पद्धत. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. एकूण चाळीस गुण. तेरा झाले की तोंड उघडायचं, दोघांचे मिळून सव्वीसच्या आसपास झाले की गेम, तेहेतीसला बारा हातांचा स्लॅम. ही मोजणी मिल्टन वर्क यांची. गोरेन यांनी ती १९४९ च्या पुस्तकातून घरोघर नेली. मेंढीकोटवाल्याला ती फार आवडते, कारण हिशेब सोपा. आणि तिथेच तो फसतो. नुसते गुण पाहून नो ट्रंपवर चढतो. आठ-नऊ हुकूम जुळलेले असताना एकपानी रंगाची किंमत त्याला कळत नाही.

तिकडे इटलीच्या निळ्या संघाने १९५७ पासून १९६९ पर्यंत बर्म्युडा बाउल ही जागतिक स्पर्धा लागोपाठ दहा वेळा जिंकली, ती कृत्रिम बोल्यांच्या जोरावर. एक किलवर म्हणजे किलवर नव्हे, तगडा हात. मग १९६९ मध्ये तैवानच्या संघाने सी. सी. वेई यांची प्रिसिजन पद्धत घेऊन अंतिम फेरी गाठली, आणि जगभर तिची लाट आली. नागपुरात एका जोडीकडे प्रिसिजनच्या टिपणांची वही होती. आम्ही ती रात्रभर उतरवून घेतली. उतरवलेल्यातलं निम्मं आम्हाला कळलं नव्हतं, पण सकाळी आम्ही त्याच पद्धतीने खेळायला बसलो आणि सपाटून हरलो.

त्याच १९६९ मध्ये ज्याँ-रेने व्हर्न या फ्रेंच माणसाने एक साधी गोष्ट मांडली: दोन्ही बाजूंचे हुकूम मिळून जितके, साधारण तितकेच दोन्ही बाजूंना मिळून हात होतात. लॅरी कोहेनच्या १९९२ च्या पुस्तकाने ती सर्वांपर्यंत नेली. गावाकडच्या खेळाडूला मला एकच गोष्ट शिकवायची झाली, तर मी हीच शिकवीन. समोरचे भांडत असताना तुमचे दोघांचे नऊ हुकूम असतील, तर तिसऱ्या पायरीपर्यंत जा. आठच असतील तर दुसरीवर थांबा. नेम नेहमी बरोबर लागत नाही, पण भांडणात कुठे गप्प बसायचं ते कळतं.

धाडसाचंही गणित आहे. संघांच्या सामन्यात व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त, असताना चार इस्पिक बोलून ते झाले, तर तीनवर थांबलेल्या संघापेक्षा दहा आयएमपी, म्हणजे सामन्याचे गुण, जास्त मिळतात. एका हाताने बुडालात तर सहा जातात. म्हणजे शंभरातून अडतीस वेळा जरी डाव होणार असेल तरी बोलायला हवं. व्हल्नरेबल नसताना कमाई सहाची, नुकसान पाचाचं; तिथे पंचेचाळीसच्या वर हवेत. आपल्याकडे बहुतेकांना हे उलटं वाटतं: दंड जास्त म्हणून व्हल्नरेबल असताना ते भित्रे होतात. मीही वीस वर्षं तसाच भित्रा होतो.

पानं खेळण्यात मात्र शंभर वर्षांत मोठी क्रांती नाही. विरोधकांकडे पाच पानं असली तर ती तीन-दोन अशी पडायची शक्यता अडुसष्ट टक्के. सहा असली तर चार-दोन अठ्ठेचाळीस, तीन-तीन जेमतेम छत्तीस. व्हँडरबिल्टच्या बोटीवरही हेच आकडे होते. खरी परीक्षा लागते ती बोली ऐकून आकडे बदलायची. नागपूरच्या एका स्पर्धेतला डाव मला अजून टोचतो. चार इस्पिकचा करार, माझे आणि डमीचे, म्हणजे भिडूच्या उघड्या पानांतले, मिळून नऊ हुकूम, एक्का, राजा, गुलाम आपल्याकडे, राणी बाहेर. नऊ पानं असली की वरून एक्का-राजा खेळून राणी पाडायची, हे पाठ केलेलं. मी तसंच केलं. राणी उजवीकडे तिसरी निघाली आणि करार एका हाताने बुडाला. भिडू होते गार्डसाहेब. डाव संपेपर्यंत गप्प राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘तो डाव्या हाताचा तीन चौकट बोलला होता, तेव्हा तू झोपला होता का बे?’’

चूक अगदी स्पष्ट होती. तीन चौकट म्हणजे त्याच्याकडे चौकटाची सात पानं. उरलेल्या तीन रंगांना सहाच जागा. उजवीकडच्याकडे चौकट दोन-तीन, म्हणजे जागा दहा-अकरा. हरवलेली राणी जिथे जागा जास्त तिथे असायची शक्यता जास्त. एक्का खेळून मग गुलामाने उजवीकडच्या राणीला चकवायला हवं होतं. कोरी बोली असती तर राणी पाडण्याचा मार्ग जेमतेम दोन टक्क्यांनी सरस होता. त्या दोन टक्क्यांचा मंत्र मी जपला, आणि विरोधकाने तोंडाने सांगितलेली गोष्ट ऐकलीच नाही.

खुणांचा रोग केवळ मेंढीकोटाचा नाही, हे पुढे कळलं. १९६५ मध्ये ब्युनोस आयर्सला रीझ आणि शापिरो या इंग्लंडच्या जोडीवर पत्ते धरताना बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. १९७५ मध्ये बर्म्युडा बाउलला भिडूंच्या मध्ये पडदा आला, तर त्याच स्पर्धेत इटलीची एक जोडी टेबलाखाली पायाने खुणावताना सापडली. पुढे टेबलाखालीही आडोसा आला. आवाजाचा चढउतार नको म्हणून बोलीची कार्डं असलेला डबा आला. आता मोठ्या स्पर्धांत कुणी तोंडाने बोलतच नाही. तरी २०१५ मध्ये जगातल्या नावाजलेल्या जोड्या पुन्हा पकडल्या गेल्या. मला यात आमचा ओटा दिसतो. फरक एवढाच, की आमच्याकडे पकडलेल्याला चहा पाजायला लावत.

२०२२ च्या मार्चमध्ये पॅरिसला नूक नावाच्या यंत्राने आठ जगज्जेत्यांना हरवलं. ऐंशीपैकी सदुसष्ट संच त्याने घेतले. बातमी वाचून मुलाने मला डिवचलं. मी त्याला पुढचं वाक्य दाखवलं: यंत्र फक्त करार झाल्यावर पानं खेळत होतं, बोली त्या सामन्यात नव्हतीच. जे मेंढीकोटाने आम्हाला आधीच शिकवलं होतं, त्यातच यंत्र जिंकलं.

आपल्या लोकांनी बोलीतही नाव काढलं आहे. १९८८ मध्ये व्हेनिसच्या ऑलिंपियाडमध्ये भारत उपांत्य फेरीत गेला. २०१८ मध्ये जकार्ता आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण आणलं. तेव्हा बर्धन साठीत होते. मिश्र संघाच्या कांस्यपदकात हेमा देवरा होत्या. २०२३ मध्ये हांगझोऊला पुरुष संघाला रौप्य मिळालं. त्याच ऑक्टोबरात पांढुर्णा-सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला.

गार्डसाहेब आता नाहीत. तिगावात सध्या आम्ही तिघं आहोत. चौथ्याला मेंढीकोट येत असेल तर पुरे, बोली आम्ही शिकवू. संध्याकाळी सहानंतर या. खुणा तेवढ्या घरी ठेवून या.