घरी असलेल्या आईचा दोष नाही

"दिवसभर घरातच असतीस न्हवं? मग पोरगं बोलंना कसं?" आमच्या मुरगूडमध्ये हा प्रश्न मला कितीजणींनी विचारला असेल, त्याची गणती नाही. पुढचं वाक्य ठरलेलं: "तू लॅपटॉपात, त्याच्या हातात मोबाईल. म्हणून झालं असं." माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे आणि मी घरून नोकरी करते. हे सगळं खरं आहे. लोक त्यांची जी सांगड घालतात, ती खोटी आहे.

हा आरोप जुनाच आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. त्यानंतर 'आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं' हे मत बोकाळलं. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं त्याला आणखी बळ दिलं. खरं तर बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच हे मत खोडून काढलं होतं.

पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास केला. हुबेहूब सारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असं एकदाही आढळलं नाही. घर एक, आई एक, ताटातली भाकरी एक. दोष आईच्या वागण्यात असता तर हा फरक आला कुठून? नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचाच वाटा मोठा असल्याचं दाखवलं. मेंदूची ही घडण जन्माआधीच सुरू झालेली असते. तेव्हा माझा लॅपटॉप मुलाच्या आसपासही नव्हता.

मग मोबाईल? तो जपूनच द्यावा. दोन वर्षांच्या आत नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. जास्त स्क्रीनमुळे झोप बिघडते, बोलणं मागे पडू शकतं. पण सध्या सगळीकडे ऐकू येणारा 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय निदानसूचीत नाही. उलट, स्क्रीनवर तेच ते पुन्हा तसंच दिसतं, म्हणून ऑटिझम असलेली बरीच मुलं तिकडे ओढली जातात.

मला चीड येते ती वाया जाणाऱ्या वेळेची. मोबाईल काढून घेतला, आता बघू, म्हणत घरं सहा-सहा महिने थांबतात. थेरपी लवकर सुरू करण्याचे नेमके तेच महिने असतात.

आणि घरी असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. माझा मुलगा कान दाबून टेबलाखाली शिरतो. मी माईक बंद करून त्याच्याजवळ खाली बसते. भिंतीवर दिवसाची चित्रं लावली आहेत: दात घासणं, भाकरी, आईचं काम, झोपाळा. लॅपटॉपजवळ लाल कार्ड उभं असलं की आई कामात, हे त्याला कळायला पाच महिने लागले. तेवढा वेळ त्याच्याजवळ आजी बसते. तिच्याशिवाय माझी नोकरी टिकली नसती.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'लसीमुळे होतं.' ज्या १९९८ च्या लेखातून हे पसरलं, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासातही असा संबंध दिसला नाही.

'मुलगे उशिराच बोलतात.' सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, हाकेला ओ नसेल, तर वाट बघू नका, तपासा.

'औषधानं, अंगाऱ्यानं बरं होतं.' हा आजार नाही, मेंदूची वेगळी घडण आहे. शिकवल्यानं जगणं सोपं होतं.

'सरकारी मदत नाही.' २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक मुलाला पुढे पाठवू शकतं. 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

'या मुलांना माया नसते.' मी लाल कार्ड खाली ठेवलं की माझा मुलगा येतो, माझं मनगट धरतो आणि झोपाळ्याकडे ओढत नेतो. शब्द एकही नसतो. दिवसभर घरात असलेल्या आईला त्याचं हे बोलणं ऐकू येतं.