दवाखान्याची वाट (लेखांक ६) : भुलीचा डॉक्टर शोधायचा कुठे?

काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस दात बघतो, जनावर चालवून बघतो, मगच सौद्याला हात घालतो. घरच्या बाईचं ऑपरेशन ठरलं की तोच माणूस फक्त खर्च किती ते विचारतो. भूल कोण देणार, हा प्रश्न निघतच नाही.

निघत नाही, कारण भूलतज्ज्ञाची पाटी सहसा कुठे दिसत नाही. लहान गावांतल्या दवाखान्यांत तो बोलावल्यावर येतो. सकाळी एका गावात सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया. म्हणून त्याला शोधायची जागा म्हणजे सर्जनची केबिन. तिथेच नाव आणि पदवी विचारा. भूलशास्त्रातली एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए. ही पदविका असावी. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत सापडतं का, ते घरातल्या शिकलेल्या पोराला मोबाइलवर बघायला सांगा. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर असेल, तर तेही आधीच कळलेलं बरं.

ठरवून करायच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाने पेशंटला तपासलं पाहिजे. तेव्हा काहीही लपवू नका. गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेल्या पुड्या तर मुळीच नाही. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड असतं. ते बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, मिश्री, हलणारा दात, सगळं सांगा. ‘घोटभर चहा चालतो’ ही समजूतही सोडा. दुधाच्या चहानंतर निदान 6 तास जावे लागतात; साधं पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आता दुखण्याचे डॉक्टर. पेन क्लिनिक चालवणारे बरेचसे डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञच असतात. नसेजवळ सुई अचूक नेणं हा त्यांच्या रोजच्या हातातला भाग. त्यासाठी काष्टीहून अहिल्यानगर किंवा पुणे गाठावं लागेल. विळद घाटातलं आणि लोणीचं, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं जिल्ह्यातच आहेत, पुण्यात ससून आहे; तिथल्या भूलशास्त्र विभागात आधी फोन करून वेदना-ओपीडी आहे का, कोणत्या वारी, ते विचारा आणि मगच निघा. नागीण जाऊनही राहिलेली आग, पायात उतरणारी जुनी कंबरदुखी, कॅन्सरचं दुखणं, यांवर तिथे उपाय होतो. कॅन्सरच्या वेदनेवरचं मॉर्फिन मिळवणं 2014च्या कायदादुरुस्तीनंतर सोपं व्हायला हवं होतं. तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल असं धरून चालू नका. ते सहसा मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं.

मात्र कंबरदुखीबरोबर लघवी अडली, पायातली ताकद गेली किंवा ताप आला, तर पेन क्लिनिकची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर 108 लावा.