दहाच्या डोक्यावरचा छोटा आकडा

जबलपूरच्या राइट टाउन किंवा नेपियर टाउनमधल्या एखाद्या मराठी घरात संध्याकाळी डोकावून पाहा. देवापाशी दिवा लागलेला असतो, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असतो आणि जेवणाच्या टेबलावर आठवी-नववीतली नात वह्या पसरून बसलेली असते. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. तिच्या पुस्तकात ज्याला ‘मात्रक’ म्हणतात त्याला आजोबा ‘एकक’ म्हणतात. एवढ्यानं काही बिघडत नाही. पण ती जेव्हा विचारते, ‘‘आजोबा, एक खरब म्हणजे एकावर किती शून्यं?’’ तेव्हा खरी गंमत सुरू होते.

आजोबा लहानपणी पाठ केलेली दशमान संज्ञांची माळ म्हणू लागतात. एकं, दहं, शतं, सहस्र... कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व. बोटं मोजून सांगतात, ‘‘दहा.’’ नात पुस्तक उघडून दाखवते, ‘‘नाही आजोबा, अकरा!’’

आता यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त दिलेल्या क्रमात अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं आणि त्याच्या लगेच पुढचा खर्व म्हणजे दहा शून्यं. जुन्या मराठी अंकगणितात हाच क्रम आला. आजच्या हिंदीत मात्र अरबनंतर ‘दस अरब’ येतो, म्हणून खरबवर अकरा शून्यं चढतात. पुढे तर अंतर वाढतच जातं. लीलावतीतला महापद्म बारा शून्यांचा, तर हिंदीतला पद्म पंधरा शून्यांचा. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण किमतीत हजारपटीचा फरक! अमेरिकन ‘बिलियन’ आणि जुना इंग्रजी ‘बिलियन’ यांच्यातही असाच हजारपटीचा घोळ कित्येक वर्षं होता. तेव्हा आपल्याकडचीच परंपरा गोंधळाची, असं मुळीच मानायला नको.

हा तंटा मिटवायची युक्ती विज्ञानाच्या तासाला शिकवली जाते. नावच नको, नुसती शून्यं मोजा आणि तो आकडा दहाच्या डोक्यावर लहान करून लिहा. आजोबांचा खर्व म्हणजे दहाच्या डोक्यावर १०, नातीचा खरब म्हणजे दहाच्या डोक्यावर ११. संपला वाद. हिंदीत यालाच संख्येचं ‘मानक रूप’ म्हणतात, मराठीत वैज्ञानिक लेखनपद्धती. नियम एकच : पुढची संख्या एक किंवा त्याहून मोठी, पण दहापेक्षा लहान असावी. उरलेला सगळा भार दहाच्या घातांकानं उचलायचा.

ही पद्धत मुलांना कंटाळवाणी वाटते, कारण ती बहुधा फळ्यावरच्या निर्जीव आकड्यांवर शिकवली जाते. जबलपूरच्या मुलांना खरं म्हणजे त्यासाठी गाव सोडून कुठं जायची गरज नाही. याच शहरातल्या बडा सिमला टेकडीच्या परिसरात १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना काही चमत्कारिक हाडं सापडली. हे स्लीमन म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासाच्या पुस्तकात भेटतात तेच. ती हाडं डायनोसोरची होती, पण तेव्हा ‘डायनोसोर’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो आला १८४२ मध्ये. पुढे १८७७ साली लायडेकर यांनी या प्राण्याचं ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं बारसं केलं. ही हाडं ज्या थरांत मिळाली ते थर सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे. सहा कोटी साठ लाख धरले, तर आकडा होतो ६,६०,००,०००. दशांशचिन्ह सात घरं डावीकडे सरकवलं की ६.६, आणि दहाच्या डोक्यावर ७.

इथवर सोपं असतं. पोरांची भंबेरी उडते ती एककं बदलताना. मीटरचे सेंटिमीटर करायचे तर शंभरनं गुणायचं की भागायचं? बरीच मुलं हे अंदाजानं ठरवतात आणि दोनातून एकदा चुकतात. जाणते शिक्षक पाठांतर करवत नाहीत, अपूर्णांक मांडायला लावतात. समजा गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि तो सेकंदाला किती मीटर हे हवं आहे. मग ९० किलोमीटरच्या जागी ९०,००० मीटर लिहायचे, एका तासाच्या जागी ३,६०० सेकंद लिहायचे आणि भागाकार करायचा. उत्तर २५. यात आकड्याच्या शेजारी एकक प्रत्येक पायरीला लिहायचंच, ही अट. किलोमीटर वर आणि किलोमीटर खाली आला की दोन्ही कापले जातात. शेवटी जे एकक उरतं ते हवं असलेलंच असेल तर वाट बरोबर. भलतंच काही उरलं, म्हणजे गुणाकाराच्या जागी भागाकार झाला. मूल स्वतःची चूक स्वतःच पकडतं, यासारखं दुसरं सुख नाही.

तरी दोन खड्डे असे आहेत की त्यांत हुशार मुलंही पडतात. पहिला क्षेत्रफळ-घनफळाचा. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरमध्येही १०० घनसेंटिमीटर, असं बिनदिक्कत लिहून मोकळी होतात. अशा वेळी गच्चीवर न्यावं. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर असलेली पाण्याची टाकी मनात उभी करावी. तिच्यात १,००० लिटर पाणी मावतं, आणि एका लिटरचे १,००० घनसेंटिमीटर. म्हणजे झाले दहा लाख! १०० गुणिले १०० गुणिले १००, दहाच्या डोक्यावर ६. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की परत विसरत नाही.

दुसरा खड्डा उणे घातांकाचा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.००००७ मीटर. दशांशचिन्ह पाच घरं उजवीकडे न्यावं लागतं, म्हणून ७ आणि दहाच्या डोक्यावर उणे ५. ते ‘उणे’ पाहून मुलांना वाटतं की संख्याच शून्याखाली गेली. केस कसा उणे जाडीचा असेल? ‘उणे म्हणजे कर्ज नव्हे, भागाकार’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

हे सगळं नातीला शिकवताना आजोबांनी हरकत घ्यायचं काही कारण नाही, कारण त्यांच्या पिढीनं याहून अवघड परीक्षा दिली आहे. १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. नागपूर आणि जबलपूर तोवर एकाच प्रांतात नांदत होते, ते वेगळे झाले. आणि वर्ष सरता सरता संसदेनं दशमान पद्धतीच्या वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला. १६ आण्यांचा रुपया १०० पैशांचा झाला, एक आणा सव्वासहा पैशांचा. भाजीवालीला एक आणा द्यायचा तर सहा पैसे द्यायचे की सात, यावर किती मंडया दुमदुमल्या असतील! मग टप्प्याटप्प्यानं शेर गेला आणि किलो आला. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलोपेक्षा थोडा कमी. शेराच्या भावात किलो मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा आणि किलोच्या भावात शेर देणाऱ्या दुकानदाराचा जमाखर्च सारा याच ६७ ग्रॅमांत होता.

तोळा मात्र घरातून अजून गेलेला नाही, आणि तो बायकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे ‘तोळा’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी १० ग्रॅम धरतात. आजीच्या पाटल्या जुन्या मापानं चार तोळ्यांच्या असतील तर त्यांचं वजन ४६.६ ग्रॅमच्या वर भरायला हवं. कोणी ४० ग्रॅम धरून हिशेब करू लागला तर साडेसहा ग्रॅमांहून जास्त सोनं नुसत्या शब्दाच्या फरकानं हरवतं. मोड करायला जाताना तोळ्यात बोलू नये, ग्रॅममध्ये बोलावं.

जुन्या जबलपूरकरांच्या आठवणीत आणखी एक माप असतं, छोट्या रेल्वेचं. नैनपूरमार्गे गोंदियाला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी म्हणजे इथल्या मराठी घरांची माहेरची वाट. अडीच फूट म्हणजे ३० इंच, इंचाला २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ७६२ मिलिमीटर. जबलपूरहून सुटणारी ती गाडी २०१५ मध्ये थांबली आणि आता तिथं १,६७६ मिलिमीटरचे मोठे रूळ आहेत.

घातांकाची खरी ताकद जबलपूरला एका भयाण पहाटे कळली. २२ मे १९९७ रोजी शहर भूकंपानं हादरलं, घरं पडली, माणसं दगावली. तीव्रता ५.८ होती. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपाची ७.७. ‘‘म्हणजे दोननंसुद्धा जास्त नाही!’’ असं कोणीही म्हणेल. पण हे आकडे गजावरच्या खुणांसारखे सरळ वाढत नाहीत, ते घातांकाचेच नातेवाईक आहेत. तीव्रता एकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबानं भुजची ऊर्जा जबलपूरच्या सुमारे सातशे पट होती. अर्थात नुकसान केवळ ऊर्जेवर ठरत नाही. धक्का किती खोलवर बसला आणि भिंती कशा बांधलेल्या होत्या यावरही ते ठरतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीनं हे फार मोठी किंमत देऊन शिकवलं.

आणि एककांची चूक? ती तर विमानसुद्धा खाली आणते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान इंधन संपून भर आकाशात, ४१,००० फुटांवर, बंद पडू लागलं. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून इंधन हिशेबानं भरलं होतं. हवं होतं २२,३०० किलो. पण लिटरचं वजन काढताना किलोचा गुणक वापरायच्या ऐवजी पौंडाचा वापरला गेला, आणि भरलं गेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. वैमानिकांनी ते प्रचंड विमान इंजिनाविना तरंगत आणून गिमली या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. आतले सर्व ६९ जण वाचले. १९९९ साली मंगळाकडे गेलेलं अमेरिकेचं एक यान इतकं नशीबवान नव्हतं. एका चमूनं पौंडात मोजलेला जोर दुसऱ्यानं न्यूटन समजून वापरला, आणि यान नाहीसं झालं.

मंगळ लांब राहिला, घरातला औषधांचा डबा जवळ आहे. थायरॉइडच्या गोळीच्या एका बाटलीवर ५० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवर ०.०५ मिलिग्रॅम. दोन्ही एकच. पण दशांशचिन्ह एक घर घसरलं तर मात्रा दहापट. त्याहून जपायला हवं ते इन्शुलिनला. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या मिळतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४०ची लाल टोपीची, १००ची केशरी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० युनिटच्या खुणेपर्यंत औषध ओढलं की ते अर्धा मिलिलिटर होतं. कुपी १०० युनिटची असली तर त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट शरीरात जातात. रक्तातली साखर धोकादायक खाली जायला तेवढं पुष्कळ झालं. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी वाचून पाहावं. हे काम नववीतल्या नातीकडे सोपवलं तरी चालेल. तिच्या तासाला नेमकं हेच चाललेलं असतं.

तर राइट टाउनमधल्या त्या टेबलावर वाद अजून रंगलेलाच असतो. नात एका कागदाच्या डाव्या बाजूला आजोबांची नावं लिहिते, उजवीकडे शाळेची, आणि मधे दहाच्या डोक्यावरचे आकडे. अब्ज आणि अरब जुळतात, ९. खर्व आणि खरब जुळत नाहीत. महापद्म आणि पद्म जुळत नाहीत. शंकू १३वर थांबतो आणि हिंदीतला शंख पार १७वर जातो. ‘‘आता माझा शेवटचा लिही,’’ आजोबा म्हणतात, ‘‘परार्ध.’’ नात एकंपासून बोटं मोजत जाते, थांबते, पुन्हा मोजते. सतरा. परार्ध आणि शंख एकाच ओळीत, समोरासमोर.

‘‘जमलं की!’’ आजोबा म्हणतात, आणि आतून पानं घेतल्याची हाक येते.