कुसुमानिल

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. अरुणा ढेरे होत्या. हा मान मिळवणारी पहिली स्त्री विदर्भातलीच, अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या त्या अध्यक्षा. त्यांचे पती आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच कवी अनिल, तीन वर्षे आधी मालवणला अध्यक्ष झाले होते. १९६१ च्या नोव्हेंबरातच कुसुमावती निवर्तल्या. विवाहाला बत्तीस वर्षे झाली होती.

कुमार गंधर्वांनी घरोघरी पोचवलेले ‘अजुनी रुसून आहे’ हे गीत पत्नीवियोगातून जन्मले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, ती कविता कुसुमावतींच्या हयातीतली. वियोगानंतर अनिलांनी जे केले, ते कमी बोलके होते. व्यवहार पुरा झाला की कागद रद्दीत टाकावेत, ही जगाची रीत. येथे मात्र विवाहापूर्वीची, १९२२ पासूनची दोघांचीही पत्रे शाबूत राहिली होती. तरुणपणीची ती हितगुजे १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झाली. त्या काळी हे धाडसच. ग्रंथनामातही पत्नीचे नाव आधी आहे.

दहा ओळींचा ‘दशपदी’ हा काव्यबंध अनिलांचाच. त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुरस्काराच्या आनंदात वाटेकरी असायला हवी होती, ती व्यक्ती मात्र सोळा वर्षांपूर्वीच गेली होती. १९८२ च्या मे महिन्यात अनिलही गेले.